कुलूप लावून गेलेली गाडी

१

कुलूप जागेवर होतं. गाडी नव्हती.

फौजदार सिताराम भराडे यांनी ते पितळी कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. कुठं ओरखडा नव्हता, कडी वाकलेली नव्हती, पत्र्याच्या दारांच्या बिजागऱ्या गंजून घट्ट बसलेल्या होत्या. आदल्या संध्याकाळी डॉक्टर दत्तराव परभणीहून रेल्वेनं पिंगळीला परतले, खिशातल्या किल्लीनं त्यांनी हेच कुलूप उघडलं आणि आत त्यांना जमिनीवरचे तेलाचे डाग तेवढे सापडले.

"बंद दारातून गेली कशी, भराडेसाहेब?" डॉक्टरांनी विचारलं. झोप न झाल्यानं त्यांचा आवाज बसला होता. "आणि चालू तरी कशी झाली? तिची बॅटरी परभणीला सूर्यभानच्या गॅरेजात पडलीय."

दत्तराव जनावरांचे डॉक्टर. निजामाच्या काळात हैदराबादेत शिकले, तिथंच नोकरीला लागले आणि पुढं हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा इकडं आला तेव्हा परभणी जिल्ह्यात बदलून आले. येताना ही गाडी घेऊन आले. एका नवाबाच्या मुलानं बापाच्या मागं हवेलीतलं सामान विकायला काढलं होतं. झुंबरं, गालिचे, शिकारीच्या बंदुका आणि ही निळी विलायती गाडी. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, आत लाल कातड्याच्या गाद्या आणि आरशासारखं चकाकणारं लाकूड. गावात मिरवायला नव्हे, तर दिवसभर न थकता मुलूख ओलांडायला घडवलेली गाडी. डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, तिच्यातून खरोखरच मुलूख पाहिला. बिदर, विजापूर, वेरूळ, एकदा तर थेट म्हैसूर. मूलबाळ नव्हतं. सुटी लागली की दोघं निघायचे.

आता शहात्तर साल उजाडलं होतं. सरजाबाई जाऊन दुसरं वर्ष भरत आलं होतं आणि गाडीही म्हातारी झाली होती. तिचा एकही सुटा भाग बाजारात मिळत नसे. पाण्याच्या नळ्या मोटारपंपाच्या, ब्रेकचं रबर ट्रॅक्टरचं घासून बसवलेलं, उंदरांनी वायरी कुरतडल्या की पुन्हा नव्या ओढलेल्या. कातडं भेगाळून आतला काथ्या बाहेर डोकावायचा. पेट्रोल महागल्यापासून डॉक्टर तिला क्वचितच एखाद्या संध्याकाळी रस्त्यावर काढत. एरवी शेडमध्ये तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसत.

सिताराम हे सगळं जाणून होते, कारण दर रविवारी तिथली दुसरी खुर्ची त्यांची असे. परभणीच्या ठाण्यात बदलून आल्याला वर्ष होत आलं होतं. बायको वारलेली, मुलगी औरंगाबादला वसतिगृहात. रविवारी पोलीस क्वार्टरच्या भिंतींकडं बघत बसण्यापेक्षा रेल्वेनं पिंगळीला यावं आणि डॉक्टर प्लग घासत असताना त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, एवढाच त्यांचा विरंगुळा. सगळ्या जिल्ह्यात मित्र म्हणावा असा हा एकच माणूस. मात्र इतक्या रविवारांत डॉक्टरांनी त्यांना एकदाही गाडीत बसवलं नव्हतं. ड्रायव्हरच्या डावीकडची सीट सरजाबाईंची होती. तिथं कुणी बसायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं.

"गाडीत काही सामान होतं?" सितारामांनी विचारलं.

"तिची शाल होती. मागं माझी औषधांची पेटी होती. तेही गेलं सगळं."

सिताराम शेडच्या आत वळले. दारातून शिरल्यावर डाव्या हाताला भिंतीत एक फळी ठोकलेली होती. फळीवर औषधांची पेटी होती. पेटीवर जांभळ्या काठाची शाल, व्यवस्थित घडी घालून ठेवलेली होती. डॉक्टर त्या फळीपासून हातभर अंतरावर उभे होते आणि रिकाम्या जमिनीकडं बघत होते.

सितारामांनी शाल तशीच राहू दिली. त्यांनी शेडचं दार ओढून घेतलं.

२

डॉक्टरांना चोर माहीत होता. म्हणजे त्यांची तशी खात्री होती.

"सूर्यभान," ते म्हणाले. "बॅटरी भरायला नेली आणि उद्या या, परवा या, असं चाललंय. रविवारी सरजाचं श्राद्ध. मी याच गाडीनं हैदराबादला जाणार होतो, एकटाच, तिच्या माहेरी. हे त्याला ठाऊक होतं. काल मी स्वतः गेलो तरी त्यानं मला हात हलवत परत पाठवलं, आणि इकडं त्याच दिवशी गाडी गेली. ही गाडी माझ्याकडं द्या, मी सांभाळतो, असं कितीदा म्हणालाय तो. मी तुमच्या वरच्या साहेबांशी बोललोय. आज संध्याकाळपर्यंत त्याला आत घ्या."

वरच्या साहेबांचा निरोप सितारामांना सकाळीच मिळाला होता. त्यातही तेच होतं.

घर गावाबाहेर, रेल्वे रुळांच्या पलीकडं एकटंच उभं. मागच्या ओसरीवर केवळाबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. घरचा स्वयंपाक, झाडलोट त्यांच्याकडं. त्यांचा नवरा उमाजी डॉक्टरांचं नाल्यापलीकडचं रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करत असे.

"काल कुठं होतात, केवळाबाई?"

"बाजाराला. सारं गावच बाजाराला व्हतं, सायेब."

"शेडची दुसरी किल्ली असते का?"

"बाईसायबाच्या फोटोमागं राहती. आत्ता बी तितंच हाय, बघा." सूप थांबलं नाही. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "सूर्यभानला धरून नेणार काय?"

"डॉक्टर तसं म्हणतात."

"त्यानं न्हाई नेली."

"कशावरून?"

"तसा न्हाई तो माणूस," एवढंच बोलून त्यांनी मान खाली घातली.

सितारामांना त्या सकाळी स्टेशनमास्तरांपासून पानवाल्यापर्यंत प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला होता, गाडी कुणी नेली असेल. केवळाबाईंनी तो विचारला नव्हता.

इतक्यात डॉक्टरांचा पुतण्या बन्सीधर आला. परभणीच्या मोंढ्यात त्याचा सरकीचा व्यापार. आठवड्यापूर्वी तो मुंबईहून एक गिऱ्हाईक घेऊन आला होता. जुन्या विलायती गाड्या गोळा करण्याचा त्या माणसाला शौक होता. डॉक्टरांनी दोघांना चहाही न देता हाकललं होतं. सितारामांनी ती गोष्ट काढली तेव्हा बन्सीधरनं काही लपवलं नाही.

"विकायची होती मला, खोटं कशाला बोलू. पण चोरून नेऊन काय करणार? मालकाच्या सहीशिवाय तो माणूस गाडीला हात लावणार नाही."

"मग एवढी घाई का होती?"

बन्सीधर थोडा घुटमळला. "काका बदललेत हो. काकू गेल्यापासून माणसात नाहीत. परवा मोंढ्यात मी त्यांच्या शेजारून चालत होतो. काका म्हणून हाक मारली तर केवढ्यानं दचकले. आधी समोर बघितलं, मग उजवीकडं, मग अख्खी मान वळवून माझ्याकडं. मला वाटलं, मुद्दाम ओळख देत नाहीत. राग धरलाय."

बोलता बोलता त्याचा पाय कशावर तरी पडला. त्यानं चप्पल दगडावर घासली.

"आणि ही मेंढरं कधीपासून यायला लागली इथं? काकू तर अंगणात शेळी फिरकू देत नव्हती."

सितारामांनी खाली पाहिलं. सुकत आलेल्या लेंड्या शेडच्या दारापासून फाटकापर्यंत आणि फाटकातून पुढं पाणंदीच्या मातीत पसरत गेल्या होत्या. त्या मातीत शेकडो खुरांचे ठसे होते. चाकाचा एकही नव्हता.

३

लेंड्या कुठं जातात ते बघण्याआधी सिताराम परभणीला गेले. ज्याला संध्याकाळी कोठडीत टाकायचं, त्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं.

सूर्यभान गॅरेजच्या दारात उभाच होता. गाडी गेल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि फौजदारांना बघून तो घाबरला, तरी पळाला नाही. बॅटरी आत लाकडी फळकुटावर होती. सितारामांनी दिव्याच्या दोन वायरी तिला लावायला सांगितल्या. दिवा लख्ख पेटला.

"ही तर भरलेली आहे."

"कवाची भरलेली हाय, सायेब. मीच देईना गेलो."

"का?"

सूर्यभाननं हात पुसले. सांगावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

"सांगितलं नाहीस तर आज रात्री तू आत असशील," सिताराम म्हणाले. "आणि मला ते करायचं नाहीय."

"डाव्या अंगाच्या दिव्याची काच फुटली म्हणून डाक्टरसायबांनी गाडी आणली व्हती. मागल्या म्हैन्यात, मार्गसरात. म्हणले, बाभळीची फांदी लागली. मी दिव्याची रिंग काढली तर आत हे गुतलेलं." त्यानं कोनाड्यातली डबी काढून उघडली. आत काळ्या लोकरीच्या जाड धाग्यांचा पुंजका होता. घोंगडीचा. धाग्यांच्या टोकांना काहीतरी तपकिरी, वाळलेलं चिकटलं होतं.

"बाभळीला घोंगडी कुठून आली, सायेब? मी त्यायला इचारलं, रस्त्यात कुणी व्हतं काय. ते म्हणले, कुणी न्हवतं. आणि खरंच सांगायलेत असं तोंड व्हतं त्यांचं. मग मी काय बोलणार? मोठा माणूस. बॅटरी उतरवून घेतली अन् देतो देतो म्हणत बसलो. तेवढे दिवस तरी गाडी रस्त्यावर येणार न्हाई, म्हणलं."

"गाडी कुणी नेली?"

"देवाशपथ, ते मला ठावं न्हाई."

सितारामांनी डबी खिशात टाकली. दुपारची गाडी यायला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर ते एकटेच बसून राहिले. सकाळपासून एक विचार डोक्यात येत होता आणि ते त्याला लांब ठेवत होते. आता तो शेजारी येऊन बसला. हे प्रकरण चोरीचं नव्हतं. चोरी ही त्याची शेपटी होती. आणि तोंड जिथं होतं, तिथं त्यांचा मित्र उभा होता.

४

पाणंद नाल्यात उतरत होती आणि पलीकडं डॉक्टरांच्याच रानात चढत होती. रानात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. खतासाठी तिथं येडबा धनगराची मेंढरं बसवली होती; दर हिवाळ्यात बसवत. एका बाजूला काट्यांचं कुंपण, मधे कांबळ्यांचं एक पाल, आणि बांधाजवळ कडब्याची भली मोठी गंजी.

येडबा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. खाकी कपडे बघून तो ताठ झाला.

"काल मेंढरं डॉक्टरांच्या अंगणात नेली होती?"

"चुकून शिरली असतील, सायेब. मुकी जनावरं."

"सगळीच चुकली?"

येडबानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"बाई कुठं आहे तुमची?"

"माहेरी गेलीय."

सिताराम पालाकडं बघत होते. बाहेर बाईच्या वहाणा नव्हत्या की लुगडं वाळत नव्हतं. पण चुलीपाशी दोघांपुरत्या ताज्या भाकरी होत्या, आणि पालातून कुबट, सडका वास येत होता. पोलिसाच्या नोकरीत तो वास त्यांनी बरेचदा घेतला होता. जखम पिकल्याचा.

ते आधी गंजीकडं गेले. गंजीला ताज्या बोराटीचं कुंपण घातलं होतं, मेंढरांनी तोंड घालू नये म्हणून. त्यांनी दोन पेंढ्या ओढल्या, मग आणखी दोन. आत हात घातला. बोटांना कडब्याची खरखर लागायची, ती थांबली. पुढं गार, गुळगुळीत पत्रा होता.

"सायेब," मागून बाईचा आवाज आला. "तेला काई इचारू नका. सांगणारी मी हाय. इकडं या."

५

पालात सुगंधाबाई घोंगडीवर पडल्या होत्या. मांडीपासून खाली पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. पंजा सुजून काळानिळा झाला होता. तापानं डोळे लाल होते, पण नजर स्थिर होती. तोवर येडबानं हाक घातली म्हणून केवळाबाई आणि उमाजीही नाला उतरून आले आणि पालाच्या तोंडाशी उभे राहिले.

"आधी मी सांगतो," सिताराम म्हणाले. "चुकलं तर थांबवा. गाडीचं इंजिन चालू झालंच नाही. ती बैलांनी ओढली. बैल उमाजीचे. बाजारचा दिवस, डॉक्टर परभणीला, बघायला कुणी नाही. बैल पुढं, गाडी मागं आणि तिच्या मागून येडबाची मेंढरं, म्हणजे चाकांचा माग पुसला जावा. गाडी अशी ओढून लांब नेता येत नाही, म्हणून ती जवळच असणार, हे नक्की होतं. यंदा या रानात कापूस होता. कापसाच्या रानात कडब्याची गंजी कुठून आली? ती बाहेरून आणून रचली."

उमाजीनं मान खाली घातली.

"कुलूप किल्लीनं उघडलं, फोटोमागच्या. चोर कुलूप उघडतो, पुन्हा लावत बसत नाही. आत हत्यारं आहेत, दार उघडं राहायला नको, हा विचार रोज ते घर सांभाळणाऱ्या माणसाचा. आणि गाडी न्यायच्या आधी जिनं मालकिणीची शाल काढून घडी घालून ठेवली, ती चोर नव्हती."

केवळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "कडब्याची कुसळं लागली असती शालीला," त्या म्हणाल्या.

मग सुगंधाबाई बोलल्या. मार्गसरातली सांज होती. परभणीच्या रस्त्याला डाव्या कडेनं त्या कळपाच्या मागं चालल्या होत्या, डोक्यावर घोंगडी. मेंढरं रस्ता ओलांडून पुढं गेली होती. मागून गाडी आली. आवाजावरून त्यांनी ती ओळखलीही. ही डॉक्टरांची, सांभाळून जाईल. मग दिवा मांडीला लागला आणि त्या खड्ड्यात पडल्या.

"गाडी थांबली न्हाई. त्यायनी मला पाहिलंच न्हाई, सायेब. पाहिलं असतं तर थांबले असते. मेंढरांला देवी आली त्या साली हाच माणूस आमच्या वाड्यावर मुक्काम करून राहिला. एकेका कोकराला हातानं दवा पाजला. तो बाई पाडून निघून जाईल व्हय?"

"दवाखान्यात का गेला नाहीत?"

"तितं इचारतात, कुणी पाडलं," येडबा म्हणाला. "पोलीस बोलावतात. हाड बसवणारा आणला. बसलं न्हाई ते."

"आणि डॉक्टरांना सांगायचं?"

येडबा आणि उमाजीनं केवळाबाईंकडं पाहिलं. शेवटी केवळाबाई म्हणाल्या, "दोनदा तोंडापातूर आलं. पण सायेब, त्या घरात आता बोलायला हाय कोन? सांजच्याला शेडात बसून गाडीसंगं बोलतात ते. मी ऐकलंय. तिच्यानंच बाई पाडली, हे त्यायला कसं सांगावं? अन् रविवारी हैदराबादला निघाले व्हते. एवढ्या लांब. रस्त्यानं अजून कुणी असलं म्हंजी? मग आमी ठरवलं, गाडीच नको तितं. चोरीला गेली म्हणून रडतील थोडं अन् इसरतील. सूर्यभानवर येईल, हे ध्यानातच आलं न्हाई."

सितारामांनी सुगंधाबाईंच्या पायाकडं पाहिलं. या माणसांनी डॉक्टरांना वाचवायला जे केलं, त्यात ही बाई हातची जात होती.

"चोरी झालेली नाही," ते उठत म्हणाले. "मालकाची गाडी मालकाच्या रानात, मालकाच्या बटईदारानं ठेवली. त्याबद्दल मी कुणाला धरणार नाही. पण रस्त्यावर माणूस पाडलं गेलं, ते मला लिहावंच लागेल."

६

डॉक्टर पुढच्या ओसरीवर खुर्चीत बसले होते. सितारामांनी शेडमधून शाल आणली आणि त्यांच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या रेषेत धरून ते मुकाट्यानं उभे राहिले.

"धरला का सूर्यभानला?" डॉक्टरांनी समोर फाटकाकडं बघत विचारलं. "भराडेसाहेब? बोलत का नाही?"

सिताराम शाल घेऊन हळूहळू पुढं सरकले. ते जवळजवळ समोर आले तेव्हा डॉक्टर दचकले. मग त्यांनी शाल ओळखली आणि दोन्ही हातांनी ओढून घेतली.

"कुठं मिळाली?"

"फळीवर होती. सकाळी तुम्ही हातभर अंतरावर उभे होता. डावीकडं."

"अंधार होता शेडात."

"ऊन होतं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर शालीवरून हात फिरवत राहिले.

"समोरचं नीट दिसतं, म्हणून तुम्हाला वाटतं, सगळं दिसतं," सिताराम म्हणाले. "पण बाजूचं दिसत नाही. माझ्या आईचं तसंच झालं होतं. काचबिंदू. भिंत सरकत यावी तशी नजर दोन्ही बाजूंनी मिटत येते. बन्सीधर शेजारून चालला तो तुम्हाला दिसला नाही. त्याला वाटलं, तुम्ही राग धरलाय." त्यांनी डबी उघडून डॉक्टरांच्या समोर धरली. "आणि मार्गसरात एक बाई डाव्या कडेनं चालली होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. डॉक्टर एकदा ओरडले, हे खोटं आहे म्हणाले. एकदा उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. घोंगडीच्या धाग्यांना त्यांनी बोट लावलं नाही.

"गाडीला धक्का बसला होता," ते म्हणाले. "मला आठवतंय. मी म्हणालो, खड्डा असेल. खाली उतरूनही बघितलं नाही. गाडी जुनी झालीय, असे आवाज येतात, म्हणालो." त्यांनी शालीचा काठ मुठीत धरला. "डोळ्यांचं मला वाटत होतं अधूनमधून. डॉक्टरकडं गेलो नाही. गाडी चालवू नका म्हणेल, या भीतीनं."

सितारामांनी डबी मिटून खिशात ठेवली.

"सरजा माझ्या डाव्या बाजूला बसायची. सारखी बोलायची. डावीकडून बैलगाडी येतीय, तिकडं पोरं खेळायलीत, म्हातारा चाललाय, जरा हळू. शेवटची चार-पाच वर्षं तर तोंड बंद नसायचं तिचं. मी चिडायचो. म्हणायचो, मला डोळे आहेत. ती गप्प बसायची आणि पुढच्या वळणाला पुन्हा सुरू." डॉक्टरांनी शालीची घडी पुन्हा नीट केली. "तिला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही मला. जाईपर्यंत सांगितलं नाही."

रेल्वेची शिटी लांबून ऐकू आली.

"लिहून घ्या," डॉक्टर म्हणाले. "मी बाई पाडली. मी सही करतो. पण आधी मला तिच्याकडं न्या."

नाला उतरताना त्यांनी सितारामांच्या खांद्यावर हात ठेवला. पालात गेल्यावर त्यांनी सुगंधाबाईंची माफी मागितली की नाही, हे बाहेर उभ्या असलेल्यांना ऐकू आलं नाही. कामट्या सोडून त्यांनी बोटांनी पाय चाचपला, जनावराचा चाचपावा तसा, डोळे मिटून. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा डॉक्टरचा झाला होता.

"इथं जमणार नाही. आज औरंगाबाद गाठलं तर पाय राहील. सूर्यभानला बॅटरी घेऊन बोलवा."

गंजी सगळ्यांनी मिळून उपसली. कुसळांनी माखलेली निळी गाडी उन्हात आली. सूर्यभाननं बॅटरी बसवली, दोनदा खोकून इंजिन सुरू झालं आणि मेंढरं पांगली. सुगंधाबाईंना मागं आडवं टाकावं, असं येडबा म्हणत होता. डॉक्टरांनी ऐकलं नाही. डावीकडची पुढची सीट त्यांनी स्वतः पार मागं सरकवली. "इथं पाय लांब करता येतो," एवढंच म्हणाले, आणि येडबाबरोबर मागच्या अरुंद जागेत अवघडून बसले. सूर्यभान गाडी चालवत होता. दारं लागली. गाडी पाणंदीतून वर चढली आणि औरंगाबादच्या दिशेनं गेली.

पाय राहिला. सुगंधाबाई लंगडत चालू लागल्या, पण कळपामागं मैलोन्‌मैल जाणं संपलं. डॉक्टरांनी गाडी बन्सीधरच्या गिऱ्हाईकाला विकून टाकली आणि नाल्यापलीकडच्या रानाचा एक तुकडा सुगंधाबाईंच्या नावे करून तिथं दोन खोल्या बांधल्या. कोर्टात त्यांनी वकील दिला नाही. गुन्हा कबूल केला, दंड भरला, परवाना परत केला. डोळ्यांचं जे गेलं होतं ते परत येणार नव्हतं. उरलेलं औषधानं टिकलं तर टिकेल, असं औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं.

गुन्ह्याचे कागद घेऊन सिताराम कोर्टात उभे राहिले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं नाही. त्यानंतर किती तरी रविवार ते पिंगळीला गेले नाहीत. क्वार्टरच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, मुलीला चार ओळी लिहायचे, संध्याकाळ झाली की उठायचे. ज्याच्यावर आपण खटला भरला त्याच्या घरी कुठल्या तोंडानं जावं, हे त्यांना सुचत नव्हतं.

उन्हाळा तापायला लागला तेव्हा एका रविवारी ते स्टेशनवर गेले आणि तिकीट काढून पिंगळीच्या गाडीत बसले. फाटकापाशी आले आणि थबकले. डॉक्टर ओसरीवर होते. कुणीतरी आल्याची चाहूल त्यांना लागली होती. ते मान वळवून शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हतं.

"कोण आहे?"

सितारामांना आपलं नाव सांगवेना. नुसता घसा खाकरला.

डॉक्टरांची मान थांबली. मग त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची हातानं चाचपून, ओढून आपल्यासमोर आणली.

"त्या बाजूला उभे राहू नका, सिताराम," ते म्हणाले. "तिकडचं मला दिसत नाही. समोर या."